गणिते सर्वांत आधी संपवणाऱ्या मुलांसाठी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही प्राथमिक शाळेतील प्रज्ञावान मुलांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांमधील अडचण एकच आहे. मूल हुशार आहे हे शिक्षकांना कळते, पण त्याला वर्गात नेमके द्यायचे काय, हे कळत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. माझ्याकडे तिसरी व चौथी असे दोन वर्ग आहेत. इतर मुले भागाकाराच्या तिसऱ्या उदाहरणावर असतात, तेव्हा चौथीतील एका मुलीची दहाही उदाहरणे सोडवून झालेली असतात. मी तिला आणखी दहा देते. अलीकडे ती मुद्दाम रेंगाळते किंवा वही मिटून शेजारच्या मुलींशी बोलत बसते. तिसरीच्या मुलांना शिकवायला सांगितले की थोडे दिवस उत्साहाने शिकवते आणि मग कंटाळते. शाळेत प्रयोगशाळा नाही, इंटरनेटचा भरवसा नाही. अशा मुलीसाठी कोणते उपक्रम घ्यावेत?

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातच अर्धे उत्तर आहे. दहा उदाहरणे लवकर सोडवल्याचे बक्षीस म्हणून आणखी दहा उदाहरणे मिळणार असतील, तर सावकाश सोडवण्यातच शहाणपण आहे, हे अशा मुलीच्या लक्षात यायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून सुरुवात तिचे काम कमी करण्यापासून करावी. स्वाध्यायातील सर्वांत अवघड अशी तीन उदाहरणे, म्हणजे भागाकारात मध्येच शून्य येणारी किंवा शाब्दिक, तिला आधी सोडवू द्यावीत. ती बरोबर आली तर उरलेल्या सातांतून तिला मोकळीक द्यावी आणि एखादे चुकले तर तिनेही सर्वांबरोबर बसून सराव करावा. ही सवलत वर्गातील कोणत्याही मुलाला मागता आली पाहिजे. ती एकटीचीच राहिली तर तिच्या वाट्याला कौतुकापेक्षा टोमणेच जास्त येतील.

आता मोकळ्या झालेल्या वेळाचे काय करायचे? त्यासाठी फळा, वही आणि पेन्सिल एवढ्यावर चालणारा एक उपक्रम सविस्तर सांगतो. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात गणित शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची ६१७४ ही संख्या बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. चौथीसाठी मला त्यांच्या ‘स्वयंभू संख्या’ अधिक उपयोगी वाटतात, कारण त्यांना लहान बेरजेखेरीज काहीच लागत नाही. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १५ घेतले, तर १ आणि ५ मिळून ६ होतात आणि १५ अधिक ६ म्हणजे २१. याचा अर्थ १५ ही २१ ची जनक संख्या झाली. मात्र काही संख्यांना असा जनक सापडतच नाही. २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून तयार होत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले.

मुलीला १ ते १०० मधील सर्व स्वयंभू संख्या शोधायला सांगावे. तिने नीट तक्ता केला तर तिला १, ३, ५, ७, ९ आणि नंतर २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या संख्या मिळतील. ९ पासून पुढे प्रत्येक वेळी ११ वाढतात, हे तिच्या लक्षात येईल आणि ती आनंदाने नियम सांगायला येईल. त्या वेळी तिला शाबासकी देऊन थांबवू नये. “पुढच्या दोन संख्या कोणत्या?” एवढेच विचारावे. ती १०८ आणि ११९ सांगेल. १०८ बरोबर आहे. ११९ मात्र चूक आहे, कारण १०९ मध्ये १० मिळवले की ११९ होतात. उलट मध्येच ११० ही संख्या जनकाविना उरते.

खरा उपक्रम येथून सुरू होतो. नऊ ठिकाणी लागू पडलेला नियम दहाव्या ठिकाणी का मोडला, हे शोधण्यात तिचे दोन-तीन दिवस गेले तरी जाऊ द्यावेत. कारण चौथीच्या आवाक्यातले आहे. दोन अंकी संख्येपासून मिळणारे उत्तर म्हणजे दशकाची ११ पट अधिक एककाची दुप्पट. त्यामुळे नव्वदीतील संख्यांपासून ९९ ते ११७ मधील केवळ विषम संख्या मिळतात आणि १०० ते १०९ पासूनही १०१ ते ११९ मधील विषम संख्याच मिळतात. ऐंशीच्या घरातून मिळणाऱ्या सम संख्या १०६ वर संपतात आणि ११२ ला ११० हा जनक आहे. मध्ये राहिलेल्या १०८ आणि ११० या दोन सम संख्यांना कोणीच वाली उरत नाही. हे तुम्ही फळ्यावर सांगून टाकू नका. तिचा तक्ता पाहून “सम कोणत्या आणि विषम कोणत्या, ते वेगवेगळ्या रंगांनी रंगवून पाहा” इतकीच मदत करावी. प्रत्येक गणित पहिल्या झटक्यात सुटण्याची सवय लागलेल्या मुलीला अडून बसण्याचा अनुभव प्राथमिक शाळेतच मिळायला हवा. तो आठवी-नववीत पहिल्यांदा मिळाला, तर अशी मुले “मला गणित येत नाही” असे म्हणून मोकळी होतात.

दुसरा उपक्रम अंगणातला आहे. त्यात तुमचे दोन्ही वर्ग सहभागी होतील आणि या मुलीला सर्वांत खोल जाता येईल. ओळंबा लावून एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करावी. बारा वाजल्यापासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करून तिची लांबी मोजावी. भर दुपारी बाराला सावली सर्वांत लहान असते, असे मुलांच्या (आणि आपल्याही) डोक्यात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरील वेळ दाखवतात. सातारा परिसर त्याच्या सुमारे साडेआठ अंश पश्चिमेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथे मध्यान्ह सरासरीने ३४ मिनिटे उशिरा होते. तिसरीच्या मुलांसाठी मोजणे, खुणा करणे आणि लहान-मोठे ठरवणे एवढे पुरेसे आहे. चौथीच्या मुलांनी आलेख काढावा.

या मुलीकडे मात्र वर्षभराची नोंदवही द्यावी आणि महिन्यातून एकदा हेच मोजमाप करायला सांगावे. नोव्हेंबरच्या आरंभी तिला सर्वांत लहान सावली सुमारे १२ वाजून १८ मिनिटांनी मिळेल आणि फेब्रुवारीच्या मध्यावर ती वेळ सुमारे १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत पुढे गेलेली असेल. त्या सावलीची लांबीही बदलते. २३ सप्टेंबरच्या सुमारास ती साधारण ३२ सेंटिमीटर, २२ डिसेंबरला साधारण ८७ सेंटिमीटर आणि २१ मार्चच्या सुमारास पुन्हा ३२ वर येते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी सावली नाहीशीच होते. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून काठी घरी देऊन ठेवावी. लांबी का बदलते, हे पृथ्वीच्या कललेल्या अक्षावरून चौथीतही थोडेफार समजावता येते. वेळ का पुढे-मागे होते, याचे पूर्ण स्पष्टीकरण तिच्या वयाला झेपणारे नाही. म्हणून तो प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगावे आणि पुढच्या शाळेतील शिक्षकांकडे ती वही आवर्जून पोहोचवावी.

तिसरीच्या मुलांना शिकवण्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. कधीमधी तिने ते जरूर करावे, कारण दुसऱ्याला समजावताना आपले कच्चे दुवे कळतात. पण रोज रिकाम्या वेळात तिला साहाय्यक शिक्षिका करणे म्हणजे तिच्या शिकण्याच्या वेळेतून शाळेची अडचण भागवणे होय. द्विशिक्षकी शाळेत हा मोह किती होतो याची मला कल्पना आहे.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगर येथील अनुदानित शाळेत माझ्या तिसरीच्या वर्गाची पटसंख्या ५२ आहे. पहिल्या पाच क्रमांकांची मुले म्हणजेच प्रज्ञावान मुले समजावीत का? त्यांची बुद्ध्यंक चाचणी करून घेणे आवश्यक आहे का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये तीन वर्तुळांची कल्पना मांडली. सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाशी चिकटून राहण्याची वृत्ती ही तीन वर्तुळे जेथे एकमेकांवर येतात, तेथे प्रज्ञा दिसते, असे ते म्हणतात. आपल्या घटक चाचणीत यातील पहिल्या वर्तुळाचा थोडासा भाग मोजला जातो. नीटनेटके अक्षर, नियमित गृहपाठ आणि घरी अभ्यास घेणारी आई यांचे गुणही त्यातच मिसळलेले असतात. जे मूल “बाई, शून्याला शून्याने भागले तर?” असे विचारते, किंवा विनोद इतरांच्या आधी समजून एकटेच हसते, ते पहिल्या पाचांत असेलच असे नाही.

म्हणून आधी निवड आणि मग उपक्रम, हा क्रम उलटा करावा. उपक्रम सर्वांना द्यावा आणि कोण कोठपर्यंत जाते ते पाहावे. भाषेच्या तासाला वर्गाचा बोलीकोश करायला घ्यावा. घरात आजी-आजोबा वापरतात पण पाठ्यपुस्तकात नाहीत, असे दहा शब्द प्रत्येकाने आणावेत. तुमच्या वर्गात शेतकरी घरांतली मुले ‘तिफण’ आणतील. एखाद्याचे आजोळ पश्चिम महाराष्ट्रात असेल तर तो जवळजवळ त्याच अवजारासाठी ‘पाभर’ आणेल. बहुतेक मुले शब्द आणि अर्थ लिहून थांबतील. काही जण चित्रे काढतील. मात्र दोन-तीन मुले अशी निघतील की ती शब्द वर्णक्रमाने लावायला बसतील आणि ‘क्ष’ हा ‘क’ मध्ये घालायचा की अगदी शेवटी, यावर वाद घालतील. एखादी मुलगी एकाच वस्तूची चार गावांतील नावे नकाशावर लिहून आणेल. ही मुले कोण आहेत याची नोंद ठेवावी. असे तीन-चार वेगवेगळ्या विषयांतील उपक्रम झाले की तुमची यादी आपोआप तयार होईल आणि ती गुणानुक्रमाच्या यादीपेक्षा बरीच वेगळी असेल.

बुद्ध्यंक चाचणीचा उपयोग आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले आणि बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते. मुलाच्या क्षमतेत आणि कामगिरीत मोठी तफावत दिसत असेल, तेव्हा मानसशास्त्रज्ञाकडून ती अवश्य करून घ्यावी. प्रगतिपुस्तकात आणखी एक आकडा हवा म्हणून आठ वर्षांच्या मुलाला चाचणीला बसवू नये.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. माझा मुलगा दुसरीत आहे आणि चौथीची गणिते सहज सोडवतो. अबॅकस, ऑलिंपियाड आणि पुढे शिष्यवृत्तीची तयारी असे तिन्ही क्लास लावावेत, असे सर्व जण सुचवतात. काही जण म्हणतात की शाळेला सांगून त्याला एक इयत्ता पुढे बसवा. आपण काय सुचवाल?

उत्तर : ताई, तीन क्लास नकोत. त्याला आवडत असेल तर एखादा ठेवावा. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीतील प्रश्न चांगले असतात आणि ते कोडी म्हणून सोडवायला मुलांना आवडतातही. पण बहुपर्यायी प्रश्नात उत्तर समोरच्या चारांपैकी एक असते, याची खात्री मुलाला आधीच असते. ज्याला पर्यायच दिलेले नाहीत, अशा प्रश्नासमोर त्याला आठवड्यातून एकदा तरी बसता आले पाहिजे.

त्यासाठी तुमच्या गावात उत्तम साहित्य फुकट आहे. लोकलचे वेळापत्रक घ्यावे आणि चौकटीच्या कागदावर उभ्या रेषेत डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही स्थानके, तर आडव्या रेषेत मिनिटे मांडावीत. आधी एक धीमी गाडी काढून पाहावी आणि मग तिच्यानंतर सुटणारी जलद गाडी त्याच कागदावर काढावी. दोन रेषा कोठे छेदतात, म्हणजे जलद गाडी धीमीला कोणत्या दोन स्थानकांच्या दरम्यान मागे टाकते, हे त्याला शोधू द्यावे आणि एखाद्या रविवारी प्रवास करून ताडून पाहावे. उत्तर जुळले नाही तर ते का जुळले नाही, यावर घरी परत येईपर्यंत पुरेल एवढे बोलणे होईल. जाता जाता त्याला हेही सांगता येईल की कापरेकरांना आपल्या ‘डेम्लो’ संख्यांची कल्पना तुमच्याच डोंबिवली स्थानकावर सुचली होती आणि ते नाव त्यांनी स्थानकाच्या नावावरून ठेवले.

इयत्ता ओलांडण्याबद्दल सावधपणे लिहितो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि त्या मुलांचा मागोवा पुढे कित्येक दशके घेतला गेला. पुढचा अभ्यासक्रम लवकर शिकल्याने अशा मुलांचे सहसा नुकसान होत नाही, असेच त्यातून दिसते. तेव्हा ‘एक वर्ष पुढे म्हणजे बालपण हिरावणे’ असे मी म्हणणार नाही. मात्र ती मुले बारा-तेरा वर्षांची होती आणि तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याचे गणित चौथीचे असले तरी लेखनाचा वेग, मैत्री आणि भांडणे दुसरीचीच असतील. शाळा तयार असेल तर फक्त गणिताच्या तासाला त्याला चौथीत बसू द्यावे आणि उरलेला दिवस आपल्या सवंगड्यांबरोबर काढू द्यावा. दोन्ही वर्गांचे गणिताचे तास एकाच वेळी ठेवले तर मुख्याध्यापकांना हे सहज जमते.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. ती तोंडी इतक्या रंगतदार गोष्टी रचून सांगते की शेजारपाजारची मुले जमतात. लिहायला बसली की मात्र चार ओळींत दहा चुका करते, अक्षरे गाळते आणि रडकुंडीला येते. शाळेतून ‘हुशार आहे पण निष्काळजी’ असा शेरा येतो. (एक पालक, सांगली)

उत्तर : सांगणे आणि लिहिणे यांत एवढे अंतर असेल तर निष्काळजीपणा हे त्याचे कारण असण्याची शक्यता कमी आहे. प्रज्ञा आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. अशा वेळी हुशारीमुळे अडचण झाकली जाते आणि अडचणीमुळे हुशारी. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना तिच्या वह्या दाखवाव्यात आणि त्यांच्या सल्ल्याने रीतसर तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत वर्गशिक्षकांना एक विनंती करता येईल. गोष्ट तिने सांगावी, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि मोठ्या कोणी ती उतरवून काढावी. मग तिनेच त्या लेखनावर संपादकाचे काम करावे, म्हणजे कोणता प्रसंग आधी हवा, कोणते पात्र काढून टाकावे हे तिने ठरवावे. शुद्धलेखनाचा सराव वेगळा, थोडा आणि रोज व्हावा. त्या सरावासाठी तिचा गोष्टींचा तास मात्र कापू नये.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातील आमच्या शाळेत पालकांची मागणी आहे की हुशार मुलांची वेगळी ‘अ’ तुकडी करावी. मुख्याध्यापक म्हणून मी साशंक आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : सर, तुमची शंका योग्य आहे. प्रज्ञावान मुलांसाठी वेगळी शाळा हा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. पण तेथे मानसशास्त्राच्या आधारे निवड आणि तिला जोडून वेगळ्या प्रकारचे शिक्षण, असा संपूर्ण विचार होता. आपल्याकडची ‘अ’ तुकडी बहुधा गुणांवर ठरते. तेथे तेच पुस्तक थोडे लवकर संपवले जाते आणि ‘क’ तुकडीतील मुलांना व शिक्षकांना आपली किंमत जूनमध्येच कळून चुकते.

त्याऐवजी शनिवारी एक तास सर्व इयत्तांसाठी समान ठेवावा आणि त्या वेळी मुलांनी आपापल्या आवडीच्या गटात बसावे. त्यासाठी संख्यांचा, आकाशनिरीक्षणाचा, बोलीकोशाचा आणि मोडकी यंत्रे उघडून पाहणाऱ्यांचा असे चार गट पुरेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विषयवार मंडळे शाळेपासून जिल्ह्यापर्यंत असावीत असे सुचवले आहे, त्यामुळे केंद्रप्रमुखांना समजावणे अवघड जाणार नाही. गटात प्रवेशासाठी गुणांची अट नसावी. दुसरीचे मूल पाचवीच्या मुलांबरोबर बसले तरी हरकत घेऊ नये. या तासाच्या कामाला गुण देऊ नयेत आणि स्पर्धाही लावू नये. शिक्षकांनी वहीत तारीख घालून “पुढे काय करून पाहणार?” असा एक प्रश्न लिहावा आणि पुढच्या शनिवारी काम तेथूनच सुरू करावे. पहिल्या सत्रात तीनच शिक्षक तयार झाले तर तीनच गट सुरू करावेत.